चार वाजताची दिवेलागण

आधीच सांगते, कुणी भुताखेतांच्या गोष्टी सुरू केल्या की "झालं का तुमचं?" म्हणून उठून जाणारी मी मुलगी. केमिस्ट्री शिकलेली, दारावरच्या लिंबू-मिरचीवरून आईशी कडाकडा भांडलेली. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... पण गेला हिवाळा पोटात घेऊन बसलेय. आता कुठेतरी बोलायलाच हवं.

आम्ही पेणजवळच्या खाडीकाठचे आगरी. बाबांचं मिठागर आहे, लहानसंच. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी मला पोलंडमध्ये एक सेमिस्टर करायची संधी मिळाली. निघताना आईने बॅगेत सुकट आणि मसाला कोंबला, आणि बाबांनी आमच्या आगरातल्या मिठाची एक पिशवी बांधून दिली.

"बाबा, मीठ तिकडं पण मिळतं हो!"

"मिलत असंल. पन ते आपलं न्हाय. आपलंच खा."

गावाची वेस ओलांडून मुलगी पहिल्यांदा एवढी लांब चालली होती. मी मुकाट्याने पिशवी ठेवून घेतली.

तिथे रुळायला वेळ लागला. कुठल्या ट्रामला कुठलं तिकीट, लाँड्रीचं मशीन कसं लावायचं, प्रोफेसरला नावाने हाक मारायची की नाही — सगळ्यात धांदल. हॉस्टेलवर रूममेट मिळाली ती नागपूरची कोमल. मी पहिल्यांदा सुकट भाजली तेव्हा नाकावर उशी दाबून म्हणाली, "काय बे, मेलेलं मांजर शिजवते का?" पुढे तीच भात घेऊन माझ्या आधी बसायची. आमच्या खोलीतच छोटा ओटा होता, दार सरळ कॉरिडॉरमध्ये उघडायचं.

नोव्हेंबर संपत आला होता. दुपारी चारच्या सुमारास मी भात टाकत होते, तेवढ्यात दार वाजलं. बाहेर एक मुलगी. राखाडी स्वेटर, केस ओले, हातात वाटी. गोरीपान, तिकडचीच. तिने मीठ मागितलं, मी डब्यातलं, बाबांनी दिलेलं, मूठभर तिच्या वाटीत टाकलं, ती गेली. हॉस्टेलवर असं चालतंच. आज मीठ, उद्या कांदा.

परत येऊन भाताचा गॅस बारीक केला... आणि हात तसाच थांबला. ती काय बोलली होती? "मना जरासा मीठ दे गो." आमच्या गावची बोली. तीच 'गो'ची ओढ. आणि मीही "थांब हां" म्हणून मराठीतच उत्तर दिलं होतं!

कोमल पलंगावर लॅपटॉप घेऊन बसली होती. तिला विचारलं तर हसायला लागली. "इंग्लिशच बोलली ना ती. मी इथंच बसून होती. तुला घरची आठवण येऊन राहिली, दुसरं काही नाही."

म्हटलं, असेल बाबा.

तासाभरात घरी व्हिडिओ कॉल केला, तिकडे रात्रीच्या जेवणाची वेळ, तर वेगळंच भांडण. बाबांनी ताट सरकवलेलं. "आज आमटीत मीठच न्हाय." आई तणतणत होती, "दोनदा टाकलं! मी खाल्ली, मना खारट लागली. यांच्या जिभेला काय झालंय देव जाने." मी खूप हसले तेव्हा.

काही दिवसांनी ती परत आली. तीच वेळ, तेच ओले केस. मी मीठ देता देता मुद्दाम विचारलं, "कुठली गो तू?" ती नुसती हसली आणि वाटी अजून पुढे केली. हात इतका गार, की माझी बोटं मी झटकन मागे घेतली. सकाळी पाहिलं तर ती उभी होती तिथे फरशीवर पावलांचे पांढरे ठसे वाळले होते. बाबा आगरातून आले की आमच्या ओटीवर उमटतात ना, अगदी तसे. त्या आठवड्यात चालताना बाबांचा तोल जायला लागला. बोलता बोलता विसरायचे. मला त्यांनी फोनवर दोनदा आत्याच्या नावाने हाक मारली.

तिसऱ्यांदा का दिलं, असं तुम्ही विचाराल. खरं सांगू? भीती वाटत होती, आणि नाही म्हणायची हिंमत नव्हती. पटकन दिलं आणि दार लावून घेतलं.

त्याच रात्री बाबा जेवताना कोसळले. पनवेलला नेलं, आयसीयूत ठेवलं. सकाळी आईचा फोन आला, आवाज पार बसलेला.

"डॉक्टर बोलतंय रक्तातलं सोडियम का काय ते उतरलंय. अंगातलं मीठच गेलंय बोलतो. चढवतात, तरी राहत न्हाय. कशानं, ते त्याला बी कलत न्हाय." मग हळूच विचारलं, "बाय... तू तिकडं कोनाला मीठ देतंस का गो?"

माझी नजर ओट्यावरच्या मिठाच्या डब्याकडे गेली.

"दिलं... शेजारच्या मुलीला."

"दिवे लागल्यावर?"

"नाही गं! तेवढं कळतं मला. चार वाजता दिलं, दुपारी."

"चार वाजता तुज्या खिडकीत काय दिसतं?"

 तिकडे डिसेंबरात चारला काळोख होतो. दिवेलागणीनंतर मीठ घराबाहेर द्यायचं नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. आणि मी बावळट, घड्याळ बघत राहिले!

"ऐक," आई म्हणाली. "ती परत येल. दार उघडू नको. पन मीठ न्हाय असं पन बोलू नको, घरात मीठ न्हाय असं कधी बोलायचं नसतं. सकाली ये, एवढंच सांग."

एरवी मी आईला वेड्यात काढलं असतं. त्या दिवशी देवाशप्पथ तिचा शब्द न् शब्द पाठ करून घेतला.

कोमल लायब्ररीत गेली होती. खिडकी काळी पडली आणि दार वाजलं.

"मना जरासा मीठ दे गो."

मी ओट्याला धरून उभी. परत वाजलं. मग आवाज बदलला.

"बाय... तोंडाला चव न्हाय गो. जरासा मीठ दे. तुज्या बाबाला दे."

बाबांचा आवाज होता. हुबेहूब. खोकला सुद्धा त्यांचाच. माझे बाबा पनवेलला नळ्यांत पडलेले, आणि ते माझ्या दाराबाहेर रडत होते. मी ढसाढसा रडले. कडीवर हात गेला होता माझा, खोटं नाही सांगत. लहानपणापासून त्या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"सकाळी ये!" मी किंचाळले. "सकाळी ये... सकाळी ये..."

बाहेर एकदम शांत झालं. कोमल आली तेव्हा मी दाराला पाठ लावून बसले होते. तिने पहिल्यांदाच काही चेष्टा केली नाही, चहा करून दिला.

सकाळी चांगलं उजाडल्यावर दार वाजलं. कोमलने माझा दंड घट्ट धरला आणि आम्ही दोघींनी मिळून उघडलं. कुणी नव्हतं. उंबऱ्यापाशी वाटी होती, मिठाने भरलेली. आमचंच मीठ, तो किंचित मातकट रंग मी ओळखते. पण दिलं होतं त्याच्या निम्मंही नव्हतं. मी एक खडा जिभेवर ठेवला. वाळू चघळावी तसा लागला, चवच नाही. कोमलनेही चाखून पाहिलं आणि थुंकलं.

तेवढ्यात आईचा फोन. बाबांनी डोळे उघडले होते, पेज मागत होते.

मी फेब्रुवारीत परत आले. बाबा हिंडतात-फिरतात, रिपोर्ट नॉर्मल आहेत. डॉक्टर म्हणतात, या वयात सोडियम उतरतं, औषधांनीही उतरतं. मान्य. पण ती मुलगी आमची बोली कुठे शिकली? दारामागे कोण रडत होतं?  दिवे लागले की आजही मी स्वयंपाकघरात एकटी थांबत नाही.

परवा बाबांबरोबर आगरात गेले होते. पाणी मिठाला आलं, म्हणजे मीठ धरण्याइतकं खारं झालं की नाही, हे ते बोट बुडवून चाखून सांगतात. सगळा जन्म तसंच सांगत आलेत. त्यांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं, परत बुडवलं, परत लावलं. मग आजूबाजूला कुणी नाही ना, हे पाहून हळूच म्हणाले, "बाय, तू चाखून सांग. मना अजून कलत न्हाय."