फळीवरची गाडीवाट

एकोणीसशे तीसनंतरच्या त्या वर्षांत मी नाशिकच्या एका साप्ताहिकात बातम्या लिहीत असे आणि नाशिक रोडला थोरल्या भावाकडे राहत असे. भाऊ मालगाडीचा ड्रायव्हर होता. एका सकाळी गावाबाहेरच्या बिनफाटकाच्या क्रॉसिंगवर त्याच्या इंजिनाने एक बैलगाडी उडवली. गाडीवान जागीच गेला.

चौकशी होईपर्यंत भावाला इंजिनावर चढायला मनाई झाली. त्याचे म्हणणे एकच होते: गाडी निवडुंगाच्या कुंपणाआडून एकदम रुळांवर आली, आधी दिसणे शक्य नव्हते. ते मान्य झाले नाही तर नोकरी जाणार होती आणि त्या मृत्यूचा दोषही त्याच्याकडे येणार होता.

नुसत्या बोलण्यावर साहेब विश्वास ठेवणार नाहीत, म्हणून त्याने ती जागाच फळीवर करायला घेतली. रूळ तारेचे, इंजिन सागाच्या तुकड्याचे, कुंपण वाळक्या शेवाळ्याचे. रस्ता मात्र साधेना. फळीला चिकट सरस लावून त्यावर माती पसरली की भिंत लिंपल्यासारखी दिसे. मग मी सडकेच्या कडेची खडीची भुकटी आणली. ती फडक्यातून गाळून त्याने सरसावर भुरभुरली, मधोमध किंचित उंच, कडांना उतरती, आणि वर चिमूटभर कोळशाची राख चोळली. कुंपणाच्या पलीकडची सडक खरी दिसू लागली.

वहिनी सिन्नरकडच्या शेतकरी घरातली. बाजरी निवडता निवडता ती बघत होती.

"सडक झ्याक झाली," ती म्हणाली. "पण बैलं खडीवर कोण घालतं? खूर फाटतात. गाडीवाट कुठं हाय?"

दुसऱ्या दिवशी भाऊ आणि मी जागेवर जाऊन आलो. चाकोऱ्या कुंपणाच्या अलीकडे होत्या. मऊ मातीतून, रुळांच्या कडेने, थेट क्रॉसिंगपर्यंत गेलेल्या. घरी येऊन त्याने फळीवर ओल्या मातीचा पट्टा दिला आणि बटणाच्या कडेने त्यात दोन रेघा ओढल्या. मग डोळा इंजिनाच्या खिडकीशी नेला. मी काडेपेटीची गाडी चाकोरीतून सरकवत नेली. ती कुठेच झाकली गेली नाही.

"म्हणजे मी समोर बघतच नव्हतो," तो म्हणाला. कुठे बघत होता, ते त्याला आठवेना.

वहिनी जवळ आली. "अहो, माती वली हाय अजून. बोट फिरवलं की झालं. साहेब काय बैल हाकतो?"

भावाने फळी उचलली आणि उन्हात नेऊन ठेवली.

चौकशीच्या खोलीत फळी पोचवून मी दाराशी थांबलो. साहेबांनी सडक वाकून पाहिली, काम चांगले झाल्याचे सांगितले. मग चाकोरीवर पेन्सिल टेकवून हे काय, असे विचारले.

"गाडीवाट," भाऊ म्हणाला. "गाडी इथून आली. मला दिसायला हवी होती."

त्याला पुन्हा इंजिन मिळाले नाही.