न खाजणारं केकताड

आमचं शेत नव्हतं. दुसऱ्यांच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, केकताड तेवढं होतं. तलवारीएवढी जाड पानं, टोकाला काटा. माझे आईबाप ती कापून आणत, नाल्यात सडवत, धोपटून वाख म्हणजे धागे काढत आणि दोर वळून पोळ्याच्या आधी राळेगावच्या बाजारात विकत. केकताडाचा रस अंगाला लागला की खाज सुटते. माय कोपरापर्यंत खाजवायची. झोपेतही. मला मात्र बाबा त्या कामाला हात लावू देत नसे. "खाजवत खाजवत पेपर लिहिशीन का बे?" म्हणायचा.

मी बी.एस्सी. झालो. घरातला पहिला. पण कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहिला 'शेती'. पुढे लोहाऱ्याला एका कारखान्याच्या लॅबमध्ये लागलो, तिथल्या फॉर्मवरही तेच.

माय गेली त्याला वर्ष होईल. तेव्हापासून कशाचं काही वाटत नाही. जेवतो, ड्युटीला जातो. रडू आलं नाही, अजूनही नाही.

गेल्या महिन्यात लॅबच्या साहेबांनी आम्हा तिघाचौघांना घरी बोलावलं. त्यांच्या भावानं परदेशातून टकीला आणली होती, मधाच्या रंगाची. साहेब सांगत होते, पानं छाटून फेकतात, मधला गड्डा भट्टीत भाजतात, दगडी चाकाखाली रगडतात. रस आंबवून, गाळून, मग लाकडी पिंपात तीन वर्षं. "मीठ-लिंबू नको. हळू घ्या."

हळू घेतली. आधी भाजल्या रताळ्याचा गोडवा आला, मागून लाकडाचा वास, जराशी मिऱ्याची चरचर. माय नवा दोर चिंधीनं घासून गुळगुळीत करायची, तसा घोट खाली गेला. कुठंच अडकला नाही. चांगली होती. चांगली आहे हे कळत होतं, एवढंच.

बाटलीवर झाडाचं चित्र होतं. साहेब म्हणाले, "हे अगेव्ह. आपल्याकडे कोणाला माहीतही नसेल."

'शेती' हा शब्द माझ्या तोंडात इतकी वर्षं तयारच असायचा. त्या दिवशी तो आला नाही.

"माहीत आहे साहेब. आमच्या केकताडाचं चुलत भावंड आहे हे. ते लोक पानं फेकतात, आम्ही गड्डा सोडून देत होतो. माझा बाप केकताडाचे दोर वळतो. मायही वळायची."

साहेबांनी माझ्या ग्लासात अजून थोडी ओतली.

रविवारी गावी जाऊन बाबाला सांगितलं.

"केकताडाची दारू? घशाले खाजत नाही काय?"

"नाही."

"अन् दोराचं कायले सांगतलं साहेबाले?"

"खरं हाये म्हणून."

तो वाख पिळत राहिला. मग म्हणाला, "तुह्या मायनं मानलं नसतं. न खाजणारं केकताड!"

सोमवारी कारखान्यात माझा फॉर्म मागून घेतला. वडिलांच्या व्यवसायापुढचं 'शेती' खोडलं आणि 'दोर वळणे' लिहून खाली सही केली.