मामाच्या अंगणातला पिवळा तंबू

गेल्या आठवड्यात आईला घेऊन एकोडीच्या मंडईला जाऊन आले. ऐकायला साधं वाटतं... पण आमच्या घरी ही मोठी बातमी आहे. गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून आई माहेरच्या मंडईला गेलीच नव्हती.

झाडीपट्टीबाहेरच्या मित्रमैत्रिणींसाठी सांगते... दिवाळी झाली की आमच्या भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. दुकानं, पाळणे, भरदुपारी दंडारीचा, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याचा, खेळ आणि घरोघरी पाहुणे. लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. मंडई चुकली म्हणजे वर्षभराच्या भेटी चुकल्या.

आईचं कारण दरवर्षी ठरलेलं. "गर्दीत जीव घाबरते माहा." मामाचे फोनवर फोन यायचे, आणि त्या दिवशी ही दिवसभर खिडकीत बसून राहायची.

खरं कारण यंदा मामीनं फोडलं. "आमच्या घरचा संडास खाली बसाचा आहे वं, तिले बसता येते का आता? बाहेर जाचं म्हटलं का पान्याले हात लावत नाई तुई आई. पाहिलं नाई का तू कधी?"

नव्हतं पाहिलं. मग आठवायला लागले... लग्नात नाही, दवाखान्यात नाही, प्रवासात तर नाहीच. ही बाई बाहेर पडायचं असलं की सकाळपासून तहान मारून बसायची. आधी राग आला, मग रडू आलं.

मग मोबाइलवर शोधत बसले आणि कॅम्पिंगवाल्यांची एक पेटी सापडली. दिसायला चपटी सूटकेस, एका हातात उचलता येईल अशी. आत घडीच्या पायांच्या दोन जोड्या, त्यांवर बसवायच्या दोन बैठका... एक साधी कापडी, एक कमोडची. सोबत कमोडला खालून लावायच्या पिशव्या आणि गोल गुंडाळलेला तंबू. सोडला की फटकन माणसाच्या उंचीचा उभा राहतो. परत पेटीत कसा घालायचा ते मात्र विचारू नका!

आईनं पेटी पाहून कपाळावर हात मारला. "लोकं का म्हणतीन वं? बुढी आपला संडास संगं घेऊन फिरते म्हणून?" मी तिला ठामपणे सांगितलं, कुणाला कळणारसुद्धा नाही.

किती तो माझा आत्मविश्वास...

मामाच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्या खोल्यांत पाहुणे, मागच्या वाडीत कापलेल्या धानाचं पुंजणं रचलेलं. उरला तो पुढच्या अंगणाचा कोपरा, आणि त्याला लागूनच मंडईचा रस्ता. मी तंबू सोडला. पिवळाधम्मक! रंग निवडताना माझी अक्कल कुठं गेली होती, देव जाणे.

मामीनं आईला बळेबळे दोनदा चहा पाजला होता, त्यामुळे दुपारी तिला उठावंच लागलं. ती आत गेली, मी चेन ओढली, आणि मामी नि मी दारावर पहाऱ्याला उभ्या राहिलो.

आता मंडईच्या दिवशी रस्त्याच्या कडेला पिवळा तंबू, दारात दोन बाया... लोकांना काय वाटणार? बघता बघता लाइन लागली. पुढे एक जोडपं, मागे चारपाच जण, त्यांच्या मागे काठी टेकत आलेली एक म्हातारी. "आत का आहे जी? तिकीट केवढ्याचं?" मामी गांगरली आणि म्हणाली, "थांबा जी, आत माणूस आहे!" झालं... लाइन आणखी वाढली.

इतक्या वर्षांनी कशीबशी आलेली आई, आणि चेन उघडली की समोर अर्धं गाव. तिनं आतून सगळं ऐकलंच असणार. आता ही पुन्हा कधी घराबाहेर पडणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

चेन सरकली. आई बाहेर आली, पदर सारखा केला, आणि लाइनीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"दंडार तिकडं आहे बापा हो. इथं फक्त गुडघे गेलेल्या बायांचा नंबर लागते!"

मामीला हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. लोक हसत हसत पुढे गेले. काठीवाली म्हातारी मात्र जागची हलली नाही. ती आईची लहानपणची मैत्रीण निघाली. आईजवळ येऊन हळूच म्हणाली, "कमल, मले जाऊ देशीन का?"

मी घाईघाईनं पिशवी बदलली, आणि आईनं स्वतः तिचा हात धरून तिला आत नेलं. संध्याकाळपर्यंत अशा आणखी दोघीतिघी आल्या... कुणी लेकीच्या आडून, कुणी सुनेच्या. पिशव्या रिकाम्या करायला मामानं पुंजण्यामागे खड्डा खणून ठेवलाच होता, त्यामुळे तेही निभावलं. आईचा रुबाब तर असा की मलासुद्धा विचारल्याशिवाय तंबूजवळ फिरकता येईना.

मधल्या वेळात ती दंडार बघायला गेली. पेटीतल्या पायांची दुसरी जोडी लावून कापडी बैठकीवर, अगदी पुढे. शेजारी काठीवाली मैत्रीण. दोघींच्या गप्पांत खेळ किती पाहिला कोण जाणे... पण टाळ्या सगळ्यांत जोरात त्यांच्याच.

तेवढ्यात आईनं मागे वळून मला हाक मारली. "पानी आन वं."

मी ग्लास दिला. तिनं तो घटाघटा संपवला, आणि रिकामा ग्लास पुन्हा माझ्यापुढे धरला.

ही पेटी ज्यानं कुणी बनवली असेल, त्याचं भलं होवो... माझी आई भर मंडईत दोन ग्लास पाणी प्याली!