गॅलरीतला निळा दोर

आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला जाडजूड निळा दोर आहे. गिर्यारोहण करणाऱ्या लेकीने गेल्या आठवड्यात आणून दिला. फुकटात मिळाला म्हणून मी खूश! आज चिमटे लावताना दिसलं, एका जागी तो चांगलाच पिंजलाय.

“हे काय गं?”

“जोरात पडलेल्या माणसाला झेललं, की तो दोर कड्यावर परत वापरत नाहीत, बाबा.”

“कोण पडलं होतं?”

ती खाली बघत म्हणाली, “आईला सांगू नकोस.”

दर रविवारी ही निघाली की मी काळजीने विचारतो काय, तर डबा घेतलास का! गेल्या रविवारी आमचं अख्खं घर या बोटभर दोराला लटकलं होतं, आणि आज मी त्यावर बनियन वाळत घालत होतो. मी तो बनियन ओलाच काढला नि खुर्चीवर पसरला.