वायर तोडलेली बेल

आधीच सांगते, असले किस्से कुणी सुरू केले की मी चहा टाकायच्या निमित्ताने उठून जायचे. शिक्षणाने मी आर्किटेक्ट. घरात आवाज आला तर आधी पाइप बघायचा, एवढंच मला माहीत.

२०१४ साली आम्ही सिंगापूरला, क्वीन्सटाउनजवळच्या टेकडीवर एक जुना बंगला भाड्याने घेतला. हौस नवऱ्याची... बँकेतल्या लोकांना पार्ट्या द्यायला. ब्रिटिश फौजेच्या अधिकाऱ्यांसाठी बांधलेला – पांढऱ्या भिंती, काळं लाकूड, विलायतेतल्या गावाकडच्या हवेलीची नक्कल. फक्त इथल्या दमट हवेसाठी खांबांवर उचललेला. स्वयंपाकघर मात्र मागे, वेगळ्या बैठ्या इमारतीत. साहेबाला फोडणीचा वास आणि नोकरांचे आवाज नकोत ना! तिथल्या भिंतीवर बेलचा जुना बोर्ड होता. ज्या खोलीतून बोलावणं येईल, तिच्या नावाखालची लाल पट्टी खाली पडायची. वायर केव्हाच तोडलेल्या. राहायला आलो तेव्हा मी स्वतः बघितल्या होत्या.

माझे सासरे पुण्याहून राहायला आले होते. त्या घरात माझ्याशी निवांत बोलणारं माणूस तेवढं एकच. एका दुपारी ते जेवून वर झोपले, नवरा ऑफिसात. मी मागे स्वयंपाकघरात कणीक मळत होते – आणि बेल वाजली. लांबलचक. वर बघितलं तर वरच्या बेडरूमची पट्टी पडलेली.

तशीच धावले. बाबा पलंगावरून खाली पडले होते, तोंड वाकडं झालेलं. बेलचं बटण समोरच्या भिंतीवर, त्यांच्यापासून पार लांब.

अ‍ॅम्ब्युलन्स वेळेत आली. नवऱ्याला मी सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"वायर नसलेली बेल वाजली?" तो म्हणाला. "झोपली होतीस म्हणून उशिरा कळलं, असं सरळ सांग ना."

हॉस्पिटलमध्ये तो बाहेर फोनवर असताना बाबांनी माझा हात धरला. शब्द जड येत होते. "बोलावलं नव्हतं गं मी," म्हणाले, "हाकच फुटत नव्हती. तू कशी आलीस?"

त्यानंतर दोनदा-तीनदा ते मुलाशी बोलले, आणि गेले.

पुण्यात तेराव्याला नणंद आल्या-गेल्याला सांगत होती, वहिनीला कळलंच उशिरा. नवरा शेजारीच बसला होता. रात्री मी त्याला बाबांचे शब्द सांगितले. तो शांतपणे म्हणाला, "आता काय, बाबांच्या तोंडी काहीही घालता येईल तुला."

सिंगापूरला परतल्यावर मी तो बोर्ड उघडून बघितला. आत गंज आणि मुंग्यांची माती. पट्टी बोटाने ढकलली तरी हलेना. ती कशी पडली, बेल कशाने वाजली – मला आजही सांगता येत नाही. घरी हा विषय निघाला तर मी आता गप्प बसते. म्हणून इथे लिहिलं.