कारावास खोडा, कोंडवाडा लिहा

आमचे अण्णा, म्हणजे वडील, जालन्याच्या कोर्टाबाहेर झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. त्यामुळे आमच्या घरात भाज्यांपेक्षा तुरुंगालाच नावं जास्त होती. चोरी करून गेला तो ‘आत गेला’. बाजारात मारामारी केली तो ‘हवालातीत बसला’. लांबची सजा झाली की ‘खडी फोडायला गेला’. शेजारच्या काकूंचा भाऊ कशासाठी गेला हे कोणी सांगत नसे, म्हणून तो ‘सरकारी पाहुणा’. आणि निजामाच्या राज्यात देशासाठी जो गेला, त्यानं मात्र ‘कारावास भोगला’. हा शब्द उच्चारताना अण्णा डोक्यावरची टोपी सारखी करायचे.

निजामाचं राज्य जाऊन चारपाच वर्षं झाली होती आणि माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. कारावासवाल्याला तेव्हा भलता भाव होता. अण्णांना तर दुसरा जावई नकोच होता. दोन चांगली स्थळं त्यांनी एवढ्यावरच परतवून लावली. मी एकोणीस वर्षांची झाले होते, आईचा जीव टांगणीला लागला होता आणि मला मात्र कोणीही बघायला आलं की हसू फुटायचं.

अशात जाफराबादच्या मामांचं पत्र आलं. मुलगा हसनाबादकडचा, शाळेत मास्तर, शेती बेताची, रंग सावळा. आणि खाली ठळक अक्षरात, ‘निजामाच्या राज्यात कारावास भोगला आहे.’ अण्णांनी पत्र तीनदा वाचलं आणि लगेच झेंडूचा हार सांगितला. कारावास नसता तर या स्थळाला आमचं दार उघडलंच नसतं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

मामा मुलाला घेऊन आले. पोहे घेऊन मी बाहेर गेले, तर हा रिकामा तांब्या हातात धरून बसलेला. पाणी पिऊन झालं होतं, पण कुठं ठेवावा हे कळत नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती. मी तांब्या घेतला तेव्हा तो इतका सुटल्यासारखा हसला, की मला तो तिथल्या तिथं आवडला. अगदी आवडलाच! आत येऊन मी दाराच्या फटीला डोळा लावला.

गल्लीतले चारपाच मोठे लोक मुद्दाम बोलावले होते. अण्णांनी टोपी सारखी केली आणि विचारलं, “कारावास किती दिवसांचा?”

मामा घाईनं म्हणाले, “दाजी, पोहे थंड होऊन राह्यलेत.”

“दोन दिवस,” मुलगा म्हणाला.

“कुठल्या जेलात?”

मामांनी पायानं त्याच्या पायाला ढोसलं. ते मला फटीतून स्पष्ट दिसलं. मुलगा पाय मागं घेऊन म्हणाला, “जेलात न्हाई जी. गावच्या कोंडवाड्यात.”

मग मामाच म्हणाले, “पण दाजी, कोंडवाडाबी निजामाचाच की!”

मी तोंडात पदर कोंबला. मुलगा आता थांबायला तयार नव्हता. त्यांची म्हैस पटवाऱ्याच्या जोंधळ्यात शिरली होती, म्हणून कोंडवाड्यात घातली. हा तिला पाणी पाजायला आत गेला. राखणदारानं न बघता बाहेरून कुलूप लावलं आणि तो परगावी लग्नाला निघून गेला. चावी त्याच्या कमरेला.

“भिंत केवढी होती?” अण्णांनी विचारलं. कोर्टातले सवाल ऐकून ऐकून त्यांची तशी सवयच होती.

“छातीएवढी.”

“मंग उडी मारून का न्हाई आलात?”

“मला येत होती जी उडी. म्हशीला येत न्हाई.” मग तो म्हणाला, “अन् ती व्यायला आल्ती. तिला टाकून कसा येऊ? आत आम्ही दोघं गेल्तो, बाहेर तिघं आलो.”

मी हसले. हळू नाही, चांगली खदखदून हसले, बाहेरची सगळी माणसं दाराकडं बघायला लागली इतकी. आई धावत आली, मला माजघरात ढकललं आणि बाहेरून कडी घातली. अंधारात धान्याच्या कणगीला टेकून मी हसत होते आणि हसता हसता एकदम रडायला आलं. कारावास गेला म्हणजे हार गेला, आणि हारासोबत तोही गेला. मला तो हवा होता. जो म्हशीला टाकून आला नाही, असा माणूस जालन्यात मला पुन्हा कुठून मिळणार होता?

मग अण्णांचा आवाज आला.

“मेव्हणे, ते पत्र आणा इकडं. कारावास खोडा. तिथं बराबर कोंडवाडा लिहा.”

“लिहितो दाजी,” मामा पडेल आवाजात म्हणाले.

“अन् तो हार कुठंय? सुकून जाईल.” मग अण्णा आणखी मोठ्यानं म्हणाले, “पोरीला बाहेर काढा. लग्नाच्या याद्या कधी करायच्या ते तिच्यासमोरच ठरवू.”

आईनं कडी काढली. मी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि बाहेर आले. झेंडूचा हार गळ्यात घालून तो बसला होता आणि त्याच्या हातात पुन्हा तो रिकामा तांब्या होता.