तिवाट्यावरचं अंडं

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते आणि स्वतःला विच म्हणवते. हे लिहितानाही माझा हात अडखळतो, कारण मी विज्ञान शिकवते. पिंपळगाव राजाजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत जादूटोणाविरोधी कायद्याचा तक्ता मीच लावलाय, आणि दरवर्षी त्यावर घसा कोरडा होईस्तोवर बोलते.

त्या दिवाळीत ती एक जाड वही घेऊन आली. ‘बुक ऑफ शॅडोज’ म्हणे. ज्याने त्याने आपापल्या विधींची टिपणं ठेवायची वही. मी चष्मा लावून ती तपासायलाच बसले. पहिली पानं नुसती शब्द आणि अर्थ. अथामे म्हणजे दुधारी सुरा, पण त्याने काही कापायचं नाही, हवेत वर्तुळ आखायचं आणि त्या वर्तुळात बसून विधी करायचा. कोव्हेन म्हणजे एकत्र विधी करणाऱ्यांचा गट. हिला गट नव्हता. ही सॉलिटरी, म्हणजे एकटीच करणारी. सबाट म्हणजे वर्षाचे आठ सण, त्यातला एक ऑक्टोबरच्या शेवटी, गेलेल्या माणसांसाठी.

“म्हंजे आपले पितरच की,” मी म्हणाले.

“साधारण तसंच,” ती खूश होऊन म्हणाली.

“अन् सुरा कापतच नाही त कशाले पाहिजे? कांदे तरी चिरले असते.”

ती हसली. मग तिने मला नियम वाचून दाखवला. कुणाचं वाईट करायचं नाही, कारण आपण जे करू ते तिप्पट होऊन परत येतं. ऐकायला बरं होतं. पण विच हा शब्द मला झोंबत राहिला.

“इथं त्या शब्दाले काय म्हणतात, ठाऊक हाय ना तुले?”

“माहितीये. तो शब्द आम्ही परत मिळवतोय, आई.”

पुण्यात मिळवत असतील. आमच्याकडे ज्या बाईला ‘चेटकीण’ हा शब्द चिकटतो, तिच्या हातचं पाणी लोक पीत नाहीत.

दोन दिवसांनी दिवेलागणीला ती बाहेरून आली आणि सहज म्हणाली, “तिवाट्यावर आम्ही मानतो त्या देवीचा नैवेद्य ठेवून आले. जिथे तीन वाटा मिळतात ती तिची जागा.” पळसाच्या पानावर उकडलेलं अंडं, लसूण आणि भाकरीचा तुकडा. गावात हा उताराच. आजाऱ्यावरून उतरवून तिवाट्यावर टाकतात तो, आणि जो ओलांडेल त्याला बाधतो असं लोक धरून चालतात.

मी उचलून आणायला निघाले. पानापाशी गेले, वाकले, आणि माझा हात पुढे होईना. उताऱ्याला हात लावायचा नसतो, हे आईने मला चालायला लागले तेव्हापासून बजावलेलं. आपल्याच पोरीने आपल्याच चुलीवर उकडलेलं अंडं होतं ते. मी विज्ञानाची बाई, तशीच परत फिरले. घरी सांगितलं, कुत्र्यांनी खाल्लं असेल.

कुत्र्यांनी खाल्लं नाही. सकाळी शेजारणीची तीन वर्षांची मुलगी त्यावरून गेली आणि संध्याकाळी तापाने फणफणली. तिला खामगावला दवाखान्यात नेलं, पण गावाला वेगळीच काळजी लागली, उतारा टाकला कुणी? अंडं गावरान होतं. आमच्या आळीत कोंबड्या एकाच बाईकडे. साठीच्या पुढची, एकटी राहणारी, बाळंतिणींना आणि तान्ह्यांना तेल लावून देणारी. त्या आजारी पोरीलाही जन्मल्यावर तिनेच न्हाऊमाखू घातलं होतं. आता तेवढंही तिच्या विरोधात धरलं गेलं. तिचं अंडं कुणी घेईना. तिसऱ्या दिवशी ठरलं, उद्या सकाळी तिला मारुतीच्या पारावर बोलवायचं आणि ‘उतारा मी टाकला नाही’ अशी शपथ घ्यायला लावायची. हात थरथरला तर गावाबाहेर.

अंडं माझ्या लेकीने तिच्याकडूनच आणलं होतं.

“मी जाऊन सांगते ना सगळ्यांना,” मुलगी म्हणाली. ती रडत होती.

“तू गप ऱ्हाय. तुले इथं राहायचं नाही. मले राहायचं हाय.”

असं मी बोलले. पोरीची काळजी होती, हे खरं. पण शाळेतल्या तक्त्याची आणि माझ्या नावाची काळजी तिच्याहून मोठी होती, हेही खरंच. मी घरभर फिरत राहिले. झाडलेलं पुन्हा झाडलं, डाळ दोनदा निवडली. खिडकीतून त्या बाईचं दार दिसायचं, म्हणून खिडकी लावून घेतली, आणि पाच मिनिटांनी पुन्हा उघडली. सकाळी पहिल्या एसटीने मुलीला नांदुऱ्याला पाठवून दिलं, पुढे तिची रेल्वे होती. ती जायला तयार नव्हती. मी तिला अक्षरशः ढकललं.

मग पारावर गेले. बरीच माणसं जमली होती. ती बाई खाली, पायऱ्यांपाशी बसलेली. मी म्हणाले, “तो उतारा नव्हता. नैवेद्य होता. माह्या घरून ठेवला होता.”

मला वाटलं होतं, आता सगळे माझ्यावर तुटून पडतील. कुणीच तुटून पडलं नाही. आजारी मुलीचा आजोबाच म्हणाला, “बाई, तुम्ही ठेवला त मंग काहीतरी देवाचंच अशीन. अगोदर सांगाचं ना.” दोघं-तिघं हसले. एकाने मला बसायला जागा केली. पाच मिनिटांत पार रिकामा झाला. तेच पान, तेच अंडं, पण माझ्या घरचं म्हटल्यावर त्यातलं भय निघून गेलं होतं. त्या बाईची माफी कुणी मागितली नाही. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. “माय, माह्या पोरीनं तुमच्याकडूनच अंडं नेलं होतं,” मी म्हणाले.

“मले ठाऊक हाय. मीच देल्लं ना तिच्या हाती.”

“मंग तुम्ही सांगितलं काऊन नाही?”

“कोणाले सांगू? लेकरू हाय ते. लग्नाची पोरगी. माह्यं काय, मी म्हातारी.”

तीन दिवस ती गप्प राहिली होती, माझ्या लेकीसाठी. मी तेवढेच तीन दिवस गप्प राहिले होते, माझ्यासाठी.

ती गुडघ्यावर हात टेकून उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, “सकाळी पिशवी घेऊन जाताना पाह्यली तिले. पोचली का वं ती नांदुऱ्याले? गाडी भेटली का तिले?”

मी लेकीला फोनच केला नव्हता.